नोंद, गोषवारा, टीप: मानसशास्त्राच्या संदर्भसूचीची घडण

सटीप संदर्भसूचीत प्रत्येक ग्रंथाच्या किंवा शोधनिबंधाच्या नोंदीखाली चार-सहा ओळींची टीप असते. संशोधकाचा प्रश्न कोणता होता, प्रयोग कोणावर आणि कोणत्या पद्धतीने केला, काय आढळले, त्यावर कितपत विसंबता येईल, एवढे त्या टिपेने सांगायचे असते. मानसशास्त्रात ही टीप एकदम अवतरली नाही, आणि ती लिहायची जबाबदारीही वेळोवेळी वेगवेगळ्या हातांत गेली.

विल्हेल्म वुंट यांनी १८७९ मध्ये लाइपझिग येथे प्रयोगशाळा उभारली. पुढच्या पंधरा वर्षांत नियतकालिके भराभर निघाली. १८८७ मध्ये स्टॅनली हॉल यांनी ‘अमेरिकन जर्नल ऑफ सायकॉलॉजी’ सुरू केले, १८९० मध्ये हेरमान एबिंगहाउस आणि आर्थर क्योनिग यांचे जर्मन नियतकालिक निघाले, तर १८९४ मध्ये जेम्स मार्क बाल्डविन आणि जेम्स मॅकीन कॅटेल यांनी ‘सायकॉलॉजिकल रिव्ह्यू’ काढले. शिवाय कामाचे लेखन तत्त्वज्ञान, शरीरक्रियाविज्ञान, वैद्यक आणि शिक्षणाच्या नियतकालिकांतही विखुरलेले होते. ते सगळे वाचणे सोडाच, नुसते शोधून काढणेही एकट्यादुकट्याला जमण्यासारखे नव्हते.

म्हणून ‘रिव्ह्यू’च्या आश्रयाने १८९५ मध्ये ‘सायकॉलॉजिकल इंडेक्स’चा पहिला अंक आला. हॉवर्ड वॉरन आणि लिव्हिंग्स्टन फॅरंड यांनी त्यात १८९४ या वर्षातले मानसशास्त्रीय लेखन विषयवार लावले होते. लेखक, शीर्षक, छापल्याचे ठिकाण आणि पृष्ठे एवढाच तपशील त्यात असे, टीप नसे. बेंजामिन रँड यांनी बाल्डविन यांच्या कोशाचा तिसरा खंड म्हणून १९०५ मध्ये तत्त्वज्ञान व मानसशास्त्राची प्रचंड सूची दिली. तिचाही भर शीर्षकांवरच होता. स्मृतीवरचा एखादा लेख प्रयोगावर आधारलेला आहे, एका रुग्णाची हकीकत सांगणारा आहे की निव्वळ तात्त्विक चर्चा करणारा, हे शीर्षकावरून पुष्कळदा कळत नाही. १९०४ पासून निघणाऱ्या ‘सायकॉलॉजिकल बुलेटिन’मधल्या विषयवार परीक्षणांनी ही उणीव थोडीफार भरून काढली.

खरा बदल झाला तो जानेवारी १९२७ मध्ये. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनने लॉरा स्पेलमन रॉकफेलर मेमोरियल या निधीच्या मदतीने ‘सायकॉलॉजिकल ॲब्स्ट्रॅक्ट्स’ हे मासिक सुरू केले. संपादक होते क्लार्क विद्यापीठातले वॉल्टर हंटर. त्यातल्या एका नोंदीची रचना पाहण्यासारखी आहे. आधी अनुक्रमांक, मग लेखकाचे नाव आणि शीर्षक. लेख परभाषेतला असेल तर मूळ शीर्षकाशेजारी त्याचे इंग्रजी भाषांतर. त्यानंतर नियतकालिक, वर्ष, खंड, पृष्ठे, आणि खाली काही ओळींचा गोषवारा. शेवटी गोषवारा लिहिणाऱ्याचे नाव आणि कंसात त्याचे विद्यापीठ. गोषवारे लिहिणारे स्वतः मानसशास्त्रज्ञ होते आणि हे काम ते मानधनाविना करत. दुसऱ्याचे संशोधन पूर्ण वाचायचे, त्यातला गाभा नेमका उचलायचा आणि आपले मत बाजूला ठेवायचे, ही साधी गोष्ट नव्हे. नोंदीखालच्या त्या नावामुळे हे वाचन कोणी केले याची जबाबदारीही ठरत असे. मानसशास्त्राच्या इतिहासात या माणसांची दखल फारच कमी घेतली गेली आहे. १९४७ पासून या मासिकाचे संपादन करणारे सी. एम. लाउटिट यांनी तर त्याआधी, १९२८ मध्ये, मानसशास्त्रातल्या सूचींचीच सूची सिद्ध केली होती.

काही वर्षे ‘इंडेक्स’ आणि ‘ॲब्स्ट्रॅक्ट्स’ शेजारी शेजारी चालले. १९३५ चे लेखन नोंदवून ‘इंडेक्स’ थांबले. निवड आणि मूल्यमापन करणारी सूची मात्र वेगळीच गरज भागवत होती. हार्वर्ड विद्यापीठातल्या मानसशास्त्रज्ञांनी निवडक ग्रंथांची सटीप यादी १९४९ मध्ये छापली आणि तिच्या आवृत्त्या १९७१ पर्यंत निघत राहिल्या. भारतात भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषदेने देशातल्या मानसशास्त्रीय संशोधनाचा आढावा एस. के. मित्र यांच्या संपादनाखाली १९७२ मध्ये प्रसिद्ध केला.

दरम्यान नियतकालिकांनी गोषवारा लेखकाकडूनच मागायला सुरुवात केली होती. १९६० च्या दशकात लेखाच्या शेवटचा सारांश जाऊन आरंभी गोषवारा छापण्याची रीत रुळली. त्याच सुमारास नोंदी संगणकावर गेल्या, १९७४ मध्ये विषयसंज्ञांचा कोश आला, आणि २००६ अखेर छापील ‘ॲब्स्ट्रॅक्ट्स’ बंद झाले. त्याचा वारसा चालवणाऱ्या ‘सायकइन्फो’ या संगणकीय संचात आता ५० लाखांहून अधिक नोंदी आहेत. शोध घेणे कमालीचे सोपे झाले. पण लेखक आपल्याच कामाचा गोषवारा लिहितो तेव्हा त्यातले कच्चे दुवे ठळकपणे मांडेल अशी अपेक्षा धरता येत नाही. त्रयस्थाने वाचून नोंद करण्याचे काम त्यामुळे संशोधन करणाऱ्याच्या गळ्यात आले. विद्यापीठांत प्रबंधाच्या आधी सटीप सूची करायला लावतात, तिचे महत्त्व इथे आहे.

या टिपेत काय हवे, हेही बदलले. जीन ग्लास यांनी १९७६ मध्ये ‘मेटा-ॲनालिसिस’ ही संकल्पना मांडली. पुढच्याच वर्षी मेरी स्मिथ आणि ग्लास यांनी मानसोपचाराच्या परिणामकारकतेवरची ३७५ संशोधने एकत्र करून त्यांचे आकडे तपासले. तेव्हापासून नमुन्याचा आकार, तुलनागट, मापनाचे साधन आणि परिणामाचे प्रमाण नोंदवल्याखेरीज टीप पुरी मानली जात नाही. २०१५ मध्ये शंभर मानसशास्त्रीय संशोधनांची पुनरावृत्ती करण्यात आली. मूळ संशोधनांपैकी ९७ टक्क्यांचे निष्कर्ष संख्याशास्त्रीय दृष्ट्या लक्षणीय होते, पुनरावृत्तीत ते प्रमाण ३६ टक्क्यांवर आले. लेखकाच्या जुन्या गोषवाऱ्यात यातले काहीच दिसत नाही. म्हणून काळजीपूर्वक केलेल्या आजच्या सटीप सूचीत प्रयोगाची पुनरावृत्ती झाली आहे का, तिचा निकाल काय लागला आणि निबंध मागे घेतला गेला आहे का, हेही नोंदवतात, आणि सूची वापरण्यापूर्वी ते पुन्हा एकदा पडताळून पाहतात.