मनगटाचा स्नायू बोटांच्या कामी

१९४७ साली चिंगलपेटच्या कुष्ठरोग केंद्रात शल्यविशारद पॉल ब्रँड यांनी एका रुग्णाशी हस्तांदोलन केले. त्याची बोटे आकड्यासारखी वळली होती, तरी पकड इतकी जबर की नखे रुतली. म्हणजे हाताला बळ देणारे, कोपर ते मनगट या भागातील मोठे स्नायू शाबूत होते! कुष्ठरोग कोपरापाशी त्वचेलगत जाणाऱ्या अल्नर चेतेला ग्रासतो आणि पंजातील बारीक स्नायू लुळे पडतात. रेडियल चेता सहसा वाचते. मनगट मागे उचलणारे तीन स्नायू तिच्याच अधीन असतात. त्यांतील एक उसना घेतला तरी मनगटाचे अडत नाही.

१९४८ पासून ब्रँड यांनी वेल्लोरला अशा शस्त्रक्रिया सुरू केल्या. प्रारंभी त्यांनी बोटे मिटणाऱ्या स्नायूची कंडरा वापरली, पुढे मनगटाच्या स्नायूची. ती बोटांपर्यंत पोचत नसल्याने पोटरीतील प्लांटॅरिसची कंडरा जोडून तिचे पदर चार बोटांना शिवले. महाराष्ट्रात हे काम डॉ. नोशीर अंतिया यांनी वाढवले.

नंतर रुग्णाला मनगट उचलण्याचा प्रयत्न करून बोटे सरळ करायला शिकावे लागे. गेलेला स्पर्श मात्र परतत नसे; तवा तापला आहे की नाही, हे डोळ्यांनीच ताडावे लागे.