सातारचा सामना आणि पालवणकर बाळू

क्रिकेट हा मूळचा इंग्लंडातील खेड्यापाड्यांचा खेळ. १७४४ साली त्याचे नियम प्रथम लेखनिविष्ट झाले आणि १७८७ साली मेरिलिबोन क्लब स्थापन झाला. त्या नियमांत खेळाडूचे कूळ कोठेच विचारलेले नाही. आपल्या देशी मात्र मैदानात नियम विलायतेचे आणि मैदानाबाहेर रूढी आमच्या, असा प्रकार दीर्घकाळ चालला.

त्याचे ठळक उदाहरण म्हणजे पालवणकर बाळू. चर्मकार कुळात जन्मलेला हा तरुण १८९२ च्या सुमारास पुण्याच्या गोऱ्या लोकांच्या क्लबात अवघ्या चार रुपये वेतनावर लागला. खेळपट्टी राखावी, जाळी लावावी आणि साहेबांना सरावासाठी चेंडू टाकावे, हे त्याचे काम. ग्रेगसारख्या नामांकित फलंदाजास हजारो चेंडू टाकून त्याचा डावरा हात तयार झाला. परंतु बॅट धरण्याची संधी त्यास तेथे कधीही मिळाली नाही.

पुढे गोऱ्यांना हरविण्याच्या ईर्ष्येने पुण्याच्या हिंदू संघाने त्यास आपलेसे केले. पण तेही अर्धेच. चेंडू सर्वांचा एकच, चहा मात्र बाळूस मंडपाबाहेर निराळ्या मातीच्या भांड्यातून मिळावयाचा!

लोणंदपासून सातारा फार दूर नाही. हा संघ तेथील गोऱ्या जिमखान्याशी खेळावयास गेला, तेव्हा बाळूचा चेंडू वळू नये म्हणून यजमानांनी आठवडाभर खेळपट्टीवर रूळ फिरविला होता. तरीही बाळूने सात गडी बाद केले व सामना जिंकला. सातारकरांनी त्यास हत्तीवरून मिरविले. पुण्यास न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी त्याच्या गळ्यात हार घातला. सात बळींनी जे साधले, ते पुष्कळ उपदेशांनीही साधले नव्हते.

१९०६ साली मुंबईस हिंदूंनी युरोपियनांना १०९ धावांनी हरविले. त्या संघात बाळू व त्याचा बंधू शिवराम असे दोघेही होते. १९११ च्या विलायत दौऱ्यात बाळूने ११४ बळी मिळविले. एवढे होऊनही हिंदू संघाचे नेतृत्व त्यास कधी लाभले नाही. तो मान धाकटा बंधू विठ्ठल यास १९२३ साली मिळाला आणि त्याच वर्षी त्याने चौरंगी सामने जिंकून दाखविले. गुण सिद्ध होऊनही न्याय मिळावयास एका भावाची कारकीर्द खर्ची पडली, हे विसरता कामा नये.