माणसांची नोंद ठेवणारा न्यायमूर्ती

वकिली आणि वाङ्मय या मराठवाड्यातील दोन्ही परंपरा ज्यांच्या ठायी एकत्र नांदल्या, ते न्यायमूर्ती नरेंद्र चपळगावकर २५ जानेवारी २०२५ रोजी छत्रपती संभाजीनगर येथे निवर्तले. ते मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायाधीश होते. वर्धा येथे फेब्रुवारी २०२३ मध्ये भरलेल्या ९६व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षही होते. मात्र त्यांची घडण झाली ती जिल्ह्याच्या गावातील वकिलीत.

त्यांचा जन्म १४ जुलै १९३८ रोजी बीडचा. बीड तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते आणि संस्थानातील न्यायालयांचा कारभार उर्दूत चाले. चपळगावकर दहा वर्षांचे असताना, सप्टेंबर १९४८ मध्ये संस्थान भारतात विलीन झाले. पुढे १९५६ साली मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला. राज्य, राजभाषा आणि कायदा हे तिन्ही एकाच पिढीच्या डोळ्यांदेखत बदलले. या स्थित्यंतराचे कुतूहल त्यांच्या लेखनात अखेरपर्यंत टिकले.

मराठी आणि कायदा या दोन्ही विषयांचे शिक्षण घेतलेल्या चपळगावकरांनी लातूरला काही काळ मराठीचे अध्यापन केले आणि नंतर बीडमध्ये वकिली सुरू केली. अशा गावात वकिलाला घर आणि व्यवसाय यांच्यामध्ये भिंत घालता येत नाही. बांधाचा वाद, विहिरीतील हिस्सा, भावाभावांतील वाटणी घेऊन येणारा पक्षकार ओळखीचा असतो, आणि बहुधा त्याचा प्रतिवादीही. निकाल लागल्यावर दोघांनाही त्याच गावात राहायचे असते. सातबाऱ्याच्या उताऱ्यामागे एक कुटुंब उभे आहे, याचे भान इथल्या वकिलाला सुटत नाही. ‘कायदा आणि माणूस’ हे चपळगावकरांच्या एका पुस्तकाचे नाव याच भानाचे द्योतक म्हणावे लागेल.

त्या काळी मराठवाड्यातील पक्षकाराला उच्च न्यायालयातील दादीसाठी मुंबई गाठावी लागे. २७ ऑगस्ट १९८१ रोजी तेव्हाच्या औरंगाबादेत खंडपीठाचे काम सुरू झाले आणि ही पायपीट थांबली. शेजारच्या जिल्ह्यातला माणूस वकिलाची भेट घेऊन, गुलमंडीत खरेदी उरकून संध्याकाळच्या एसटीने घरी परतू शके. खंडपीठाबरोबर अनेक जिल्ह्यांतील वकील या शहरात आले. चपळगावकरही इथेच स्थिरावले. १९९० ते १९९९ या काळात ते उच्च न्यायालयाचे न्यायाधीश होते.

निवृत्तीनंतर त्यांची लेखणी अधिकच बहरली. ‘तीन न्यायमूर्ती आणि त्यांचा काळ’ या ग्रंथात त्यांनी रानडे, तेलंग आणि चंदावरकर यांचा वेध घेतला. ‘नामदार गोखल्यांचं शहाणपण’ लिहून नेमस्त राजकारणाचे मोल नव्या पिढीपुढे मांडले. ‘विधिमंडळे आणि न्यायसंस्था : संघर्षाचे सहजीवन’ आणि ‘महात्मा गांधी आणि भारतीय राज्यघटना’ ही पुस्तके कायद्याचे शिक्षण नसलेल्या वाचकालाही सहज उमगतील अशा भाषेत आहेत.

त्यांचे आणखी एक ऋण मराठवाड्यावर आहे. ‘कहाणी हैदराबाद लढ्याची’मध्ये त्यांनी मुक्तिसंग्रामाचा इतिहास सांगितला, ‘मनातली माणसं’ आणि ‘हरवलेले स्नेहबंध’मध्ये व्यक्तिचित्रे रेखाटली. लहान गावांतील वकील, शिक्षक, कार्यकर्ते यांची आयुष्ये सरकारी दप्तरात सापडत नाहीत. दाव्याच्या कागदावर नाव उरते, स्वभाव उरत नाही. त्यांना ओळखणारी पिढी गेली की त्यांच्या आठवणीही जातात. चपळगावकरांनी साक्षीदाराच्या जबाबदारीने माणसांच्या आठवणी नोंदविल्या. गौरव करताना अतिशयोक्ती टाळली आणि मतभेद सांगताना कटुता.

मुक्तिसंग्राम लहान वयात पाहिलेली पिढीही आता विरळ होत चालली आहे. घरोघरच्या ट्रंकांत पडून असलेली पत्रे, वकीलपत्रे आणि उर्दू कागद कोण वाचणार आणि त्यांतली माणसे कोण सांगणार, हा प्रश्न चपळगावकरांच्या जाण्याने अधिक निकडीचा झाला आहे.