सोमवार ते शनिवार: बूर्नोनव्हिलची तालीम

नोव्हेंबर १८७९. कोपनहेगनच्या रॉयल थिएटरमध्ये १८ वर्षांच्या हान्स बेकचे पदार्पण झाले, तेव्हा प्रेक्षकांत ७४ वर्षांचे ऑगस्ट बूर्नोनव्हिल बसले होते. त्यानंतर काही दिवसांतच ते गेले. बूर्नोनव्हिलची परंपरा पुढे कशी टिकली, ती गोष्ट याच संध्याकाळपासून सुरू करता येते.

बूर्नोनव्हिल पॅरिसला ऑग्युस्त व्हेस्त्रिसकडे शिकले आणि १८३०पासून, मधले खंड सोडता, १८७७पर्यंत कोपनहेगनच्या बॅलेची सूत्रे त्यांच्या हाती राहिली. चपळ पावले, हलकी उडी, शांत खांदे, आणि जोर कुठून लावला हे कळूच न देणारी सहजता ही त्यांची शैली. पॅरिसमध्ये पुरुष नर्तक मागे पडत गेला. कोपनहेगनमध्ये मात्र तो स्त्रीच्या बरोबरीने नाचत राहिला. तालिओनीची १८३२ची मूळ ‘ला सिल्फीड’ काळाच्या ओघात हरवली. बूर्नोनव्हिलनी १८३६मध्ये नव्या संगीतावर केलेली आवृत्ती मात्र आजही नाचली जाते.

ती टिकली कशी? मुख्यतः शरीराच्या स्मरणातून. १८९४मध्ये बॅलेमास्टर झाल्यावर बेकने गुरूच्या वर्गातल्या रचना गोळा करून आठवड्याच्या सहा दिवसांसाठी सहा ठरलेले वर्ग बांधले. सोमवारी सोमवारचा वर्ग, मंगळवारी मंगळवारचा, असे वर्षानुवर्षे. घराण्यात चीज गळ्यावर चढावी, तशा या रचना पायांत उतरल्या. पुढे १९३२मध्ये हाराल्ड लांडर बॅलेमास्टर झाले, तेव्हा जुनी बॅले पुन्हा उभी करायला त्यांना मदत केली ती नृत्यात बेकच्या जोडीदार राहिलेल्या वालबोर्ग बोर्कसेनियस यांनी. त्यांच्या आठवणी आणि टिपणे नसती, तर आज ज्याला बूर्नोनव्हिलचा वारसा म्हणतात, त्यातले बरेच काही उरलेच नसते.

पण त्याच त्या वर्गांची किंमतही मोजावी लागली. तेच तेच केल्याने नर्तक त्या रचनांत पक्के होत, बाहेरचे तंत्र मात्र दूर राहिले. १९५०च्या दशकात शिक्षिका व्हेरा व्होल्कोवा यांनी वागानोवांची रशियन पद्धत कोपनहेगनला आणली, तेव्हा ही कोंडी फुटली. परंपरेला धक्का बसेल अशी भीती अनेकांना वाटत असेल. प्रत्यक्षात त्याने तिला बळ दिले. डॅनिश नर्तक एरिक ब्रून जगभर गाजला तो याच काळात, बूर्नोनव्हिलचे बाळकडू घेऊन.

स्मरणालाही मर्यादा असतातच. बूर्नोनव्हिलच्या ‘नापोली’ या बॅलेच्या (१८४२) दुसऱ्या अंकात, निळ्या गुहेच्या प्रवेशात, जुने प्रेक्षक सर्रास कॉफी प्यायला बाहेर पडत, अशी आख्यायिका आहे. त्या अंकाची मूळ नृत्ये हरवली आणि पुढच्या पिढ्यांना ती नव्याने बसवावी लागली. तिसऱ्या अंकातला टारांटेला मात्र सगळ्यांना हवा होता, म्हणून तो राहिला.

बेकच्या त्या सहा वर्गांना छापील रूप फार उशिरा मिळाले. गुरूच्या मृत्यूला शंभर वर्षे झाली त्या १९७९मध्ये कीर्स्टन रालोव यांनी ते वर्ग पुस्तकरूपाने प्रसिद्ध केले, आणि २००५मध्ये, जन्माच्या द्विशताब्दीला, सहाही वर्ग चित्रित झाले.

तरीही बघून शिकणे थांबलेले नाही. ‘नापोली’ बघायचा योग आला, तर शेवटच्या अंकात मागच्या पुलाकडे जरूर लक्ष द्या. तिथे उभी असलेली लहान मुले रॉयल थिएटरच्या नृत्यशाळेतली असतात. समोरचे पाय बघत बघत ती शिकत असतात, आणि पुढे त्यांच्यातलीच काही त्या टारांटेलात नाचतात.