चोखोबांचे देऊळ, बुद्धाची मूर्ती

आमच्या बारामती-इंदापूरच्या माणसाला देहू कुठे आहे हे सांगावे लागत नाही. ज्येष्ठ सरत आला की तुकोबांची पालखी तिथूनच आमच्या दारावर येते. काटेवाडीला परीट मंडळी धोतरांच्या पायघड्या घालतात, मेंढ्यांचे रिंगण होते. बेलवाडीला अश्व धावतो. देहू सोडल्यावर पालखीची पहिली आरती अनगडशाह बाबांच्या दर्ग्यापाशी होते, हे तर वारकरीच आम्हा मुसलमानांना कौतुकाने सांगतात.

पण पुण्याहून लोकलने निघालात तर देहूच्या अलीकडे देहूरोड लागते. लष्करी डेपोंचे हे गाव. येथल्या महार समाजाने एक देऊळ बांधले, ते चोखोबांसाठी. डिसेंबर १९५४ मध्ये बाबासाहेब आंबेडकर रंगूनच्या जागतिक बौद्ध परिषदेला गेले होते. ब्रह्मदेशातून आलेली बुद्धमूर्ती २५ डिसेंबरला त्यांनी याच देवळात बसवली. नागपूरची दीक्षा १४ ऑक्टोबर १९५६ ची. म्हणजे देहूरोडचा बुद्ध तिच्याहून जवळजवळ २२ महिन्यांनी थोरला. तारीखही पाहा. १९२७ साली याच दिवशी महाडला मनुस्मृती जाळली होती.

पंढरीचा विठोबा हा मुळात बुद्धच, असे मत बाबासाहेबांनी येथल्या भाषणात मांडले. विद्वानांचे त्यावर एकमत नाही, आणि वारकऱ्याशी त्यावरून वाद घालायला मी जाणार नाही. मात्र दशावतारांच्या जुन्या मराठी चित्रांत नवव्या, बुद्धाच्या जागी विठोबा उभा असलेला पुष्कळांनी पाहिला असेल. सोप्या भाषेत बौद्ध धर्म सांगणारा ग्रंथ लिहीत असल्याचेही बाबासाहेब त्या दिवशी बोलले. तो ‘द बुद्ध अँड हिज धम्म’, त्यांच्या निधनानंतर १९५७ मध्ये निघाला.

मला अडवून धरले ते चोखोबांनी. मंगळवेढ्याला गावकुसाचे काम चालू असताना भिंत कोसळली आणि ते गेले. नामदेवांनी त्यांच्या अस्थी पंढरपूरला आणल्या, समाधी झाली ती महाद्वारापाशी. आत नाही! त्यांच्या लोकांना आत जाता यावे म्हणून साने गुरुजींना १९४७ साली उपोषण करावे लागले. मध्ये सहाशे वर्षे गेली. त्याच लोकांनी पुढे चोखोबांसाठी देऊळ उभे केले आणि त्यात बुद्ध बसवून घेतला. काही जुन्या माणसांना हा चोखोबांचा अव्हेर वाटतो. मला वाटत नाही. चोखोबांनी आपले गाऱ्हाणे विठ्ठलाच्याच दारात मांडले. कवी म्हणून मला ते फार जवळचे. पण तेच दार आणखी किती पिढ्यांनी ठोठवायचे?

मी गेलो तेव्हा कसला उत्सव नव्हता. पांढऱ्या साडीतल्या एक बाई विहारात मेणबत्त्या लावत होत्या. माझ्या टोपीकडे पाहून म्हणाल्या, “कुठून आलात, चाचा?” इंदापूर म्हटल्यावर त्यांचा चेहरा खुलला. “म्हणजे पालखीच्या वाटेवरचे!” मग चपला कुठे काढायच्या तेही त्यांनीच दाखवले. मूर्तीपुढे बराच वेळ बसलो, कोणी उठवले नाही.

२५ डिसेंबरला मात्र येथे पाय ठेवायला जागा नसते. निळे झेंडे, पुस्तकांचे स्टॉल, कडेवर लेकरे. आमच्याकडची माणसेही भाड्याची जीप करून जातात. वाट बरीचशी पालखीचीच, फक्त तोंड देहूकडे.