खाण, संगत आणि शेवटचा बाक

आठवी-नववीतला एखादा मुलगा तास बुडवू लागला, मारामाऱ्या करू लागला, की शिक्षकखोलीत दोनपैकी एक म्हण हमखास ऐकू येते. ‘खाण तशी माती’, नाहीतर ‘ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला’. पहिली म्हण दोष घराला देते, दुसरी मित्रांना. या दोन समजुतींवर गेल्या दीडशे वर्षांत कायदे झाले, संस्था उभ्या राहिल्या आणि पुढे त्यांची शास्त्रीय तपासणीही झाली. त्यातून जे हाती आले ते आपल्या रोजच्या वर्गात उपयोगी पडणारे आहे, म्हणून हा इतिहास थोडक्यात पाहू.

मुंबईत १८५७ साली डेव्हिड ससून यांच्या नावाची सुधारशाळा निघाली. १८७६ मध्ये सुधारशाळांचा कायदाच झाला. मुलाला वाईट घरापासून व वाईट संगतीपासून तोडले की तो सुधारेल, ही त्यामागची कल्पना. तिचे टोक गाठले ते १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने. त्याने जमातीच्या जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरवल्या. १८९७ च्या दुरुस्तीने ४ ते १८ वर्षांची मुले आईबापांपासून वेगळी ठेवण्याचीही सोय केली. १९११ साली हा कायदा मुंबई इलाख्यालाही लागू झाला. सोलापुरात तारेच्या कुंपणात उभारलेल्या वसाहतीची आठवण तिथल्या ‘सेटलमेंट’ या नावात आजही आहे. हा कायदा देशभरातून जाऊन १९५२ साल उजाडले. ‘खाण तशी माती’ खरे की खोटे, हे तपासून तो केलेला नव्हता.

तपासणी सुरू झाली ती अमेरिकेत. शेल्डन आणि एलिनॉर ग्लूक या दांपत्याने बोस्टन परिसरातील सुधारशाळांतली ५०० मुले आणि साध्या शाळांतली ५०० मुले घेतली. वय, बुद्ध्यांक, वंश आणि वस्ती जुळतील अशा जोड्या लावल्या. १९५० साली त्यांचा ग्रंथ आला. वस्ती आणि गरिबी सारखी असूनही जोडीतला एकच मुलगा बिघडला होता. फरक दिसला तो घरातल्या वागणुकीत: मुलाकडे कोणाचे लक्ष होते, शिस्त मारझोडीची होती की समजुतीची, मायेचा ओलावा होता की नाही. म्हणजे नुसती खाण कोणती एवढ्यालाच महत्त्व नव्हते. मुलाला घरात कसे वागवले जात होते, याला होते.

एडविन सदरलँड या समाजशास्त्रज्ञाचे मत निराळे होते. गैरवर्तन ही इतर गोष्टींप्रमाणेच जवळच्या माणसांकडून शिकण्याची गोष्ट आहे, असे त्याने १९३९ पासून मांडले. ग्लूक म्हणत, मुलगा आधी बिघडतो आणि मग आपल्यासारखे मित्र शोधतो. आधी काय, संगत की बिघाड? नुसत्या पाहणीतून याचा निकाल लागणे कठीण होते. त्यासाठी प्रयोग हवा होता.

तो प्रयोग दुसऱ्याच हेतूने झाला. रिचर्ड कॅबट या डॉक्टरच्या कल्पनेतून बोस्टनजवळच्या केंब्रिज आणि सॉमरव्हिल या गावांत १९३९ ते १९४५ पर्यंत एक योजना चालली. सारख्या मुलांच्या जोड्या लावून नाणे उडवून ठरवले, की कोणाला मदत द्यायची आणि कोणाला नाही. मदत मिळालेल्या मुलांच्या घरी समुपदेशक जात, अभ्यास घेत; बऱ्याच मुलांना उन्हाळी शिबिरांनाही पाठवत. जोन मॅककॉर्ड यांनी तीस वर्षांनंतर ही मुले शोधून काढली आणि १९७८ मध्ये निष्कर्ष छापले. मदत मिळालेल्यांची स्थिती न मिळालेल्यांपेक्षा वाईट होती! पुढे १९९९ मध्ये थॉमस डिशन यांच्याबरोबर केलेल्या फेरतपासणीत दिसले, की सर्वाधिक नुकसान एकाहून अधिक वेळा शिबिरांना गेलेल्या मुलांचे झाले होते.

असे का व्हावे? डिशन यांनी १३-१४ वर्षांच्या मित्रांच्या गप्पांचे चित्रण करून पाहिले. नियम मोडल्याच्या गोष्टीला मित्र हसून दाद देत, तिथे पुढे तसे वागणे वाढत गेले. हे हसू म्हणजेच बक्षीस. २००५ मध्ये लॉरेन्स स्टाइनबर्ग आणि मार्गो गार्डनर यांनी गाडी चालवण्याच्या संगणकी खेळात पाहिले, की १३ ते १६ वर्षांची मुले एकटी असताना जेवढा धोका पत्करत, त्यापेक्षा कितीतरी जास्त मित्रांसमोर पत्करत. प्रौढांमध्ये असा फरक जवळजवळ नव्हता.

आता आपल्या जालना जिल्ह्याकडे वळू. अंबड, घनसावंगी, परतूर, मंठा या भागांतून दरवर्षी दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला माणसे जातात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते आणि नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरला जातो; म्हणून आईही घरी राहू शकत नाही. नववीतला मुलगा आजीजवळ मागे राहतो. या मुलांची खाण वाईट आहे असे मुळीच नाही. उलट तो शिकावा म्हणूनच आईबाप त्याला मागे ठेवतात. पण ग्लूक दांपत्याला महत्त्वाची वाटलेली गोष्ट, संध्याकाळी ‘कुठे होतास?’ असे विचारणारे माणूस, त्याच्या आयुष्यातून पाच-सहा महिने गायब होते. ती जागा मित्र भरून काढतात.

अशा वेळी आपण काय करतो? खोडकर मुले निवडून शेवटच्या बाकावर एकत्र बसवतो, नाहीतर एकत्रच वर्गाबाहेर उभे करतो. म्हणजे हसून दाद देणारे प्रेक्षक आपणच जमवून देतो. मुले एकत्र राहण्यात वाईट काही नाही. हंगामी वसतिगृहांत ती राहतातच. ‘वाया गेलेली’ म्हणून निवडून एकत्र ठेवणे आणि मोठ्यांचे लक्ष नसणे, हे घातक. त्यांना वर्गात विखरून बसवावे, अभ्यासाच्या गटांत मिसळावे. एकेका शिक्षकाने अशी दोन-तीन मुले वाटून घ्यावीत, रोज दोन मिनिटे चौकशी करावी आणि कारखान्यावरच्या आईबापांना आठवड्यातून एकदा फोन लावून द्यावा. तक्रारीसाठीच नव्हे, मुलाने काही चांगले केले तर तेही सांगण्यासाठी.

येत्या दसऱ्याआधी आपल्या वर्गातली कोणती मुले मागे राहणार, याची यादी करता येईल. या कामाला पैसा लागत नाही, आणि ती यादी कोयते गावाबाहेर पडण्याआधी तयार हवी.