टूर कंपनीची वेबसाईट जुनी पडली असेल तर पैसे भरण्याआधी काय पाहावे?

जळगाव, भुसावळ, धुळ्यात हज-उमराहचे बुकिंग अजूनही बहुतेक ओळखीवर होते. मोहल्ल्यातले कोणी हाजी साहेब एखाद्या टूरने जाऊन आलेले असतात, जुम्याच्या नमाजनंतर पत्रक हातात पडते, आणि बयाणा दिला जातो. आता मध्ये एक पायरी वाढली आहे. घरातला मुलगा किंवा मुलगी मोबाईलवर कंपनीची वेबसाईट उघडते. तिथे दोन-तीन वर्षांपूर्वीच्या रमजानचे पॅकेज अजून झळकत असेल, दिलेला नंबर बंद लागत असेल, तर अम्मी-अब्बांची आयुष्यभराची बचत इथे द्यावी का, हा प्रश्न पडतोच.

वेबसाईट जुनी म्हणजे कंपनी खोटी, असे मात्र नाही. कित्येक प्रामाणिक टूरवाले सगळा कारभार व्हॉट्सॲपवर चालवतात. वेबसाईट कधीतरी पुतण्याने बनवून दिली, नंतर तिच्याकडे कोणी बघितलेच नाही. आणि चकाचक वेबसाईट तर दोन दिवसांत उभी राहते, ती लबाडालाही जमते. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठातील बी. जे. फॉग यांच्या अभ्यासात २,६८४ लोकांनी वेबसाईट पाहून मत दिले होते. त्यातल्या ४६.१ टक्के शेऱ्यांत दिसण्याचाच उल्लेख होता. आपणही तसेच करतो. म्हणून आमचे म्हणणे असे की रंगरूप सोडा, मजकूर कधीचा आहे ते बघा.

हजच्या बाबतीत हे फार महत्त्वाचे आहे, कारण नियम दरवर्षी बदलतात. भारताचा कोटा २०२४ आणि २०२५ दोन्ही वर्षी १,७५,०२५ होता. पण २०२४ मध्ये त्यातला २० टक्के वाटा खासगी टूरवाल्यांकडे होता, तो २०२५ मध्ये ३० टक्के, म्हणजे ५२,५०७ जागा झाला. त्याच वर्षी ८०० हून अधिक खासगी ऑपरेटरांना एकत्र करून २६ गट बनवण्यात आले. पैसे भरणे आणि मिना येथील जागेचे करार सौदी मुदतीत पूर्ण झाले नाहीत, आणि एप्रिल २०२५ मध्ये सौदी सरकारने फक्त १०,००० यात्रेकरूंसाठी पोर्टल पुन्हा उघडले. बाकीच्या घरांत काय झाले असेल, ते सांगायला नको. अशा वेळी ज्या कंपनीच्या वेबसाईटवर २०२३ चाच नोंदणी क्रमांक आणि "आमचा स्वतंत्र कोटा" असे लिहिलेले राहते, तिच्यावरून ग्राहकाला खरी स्थिती कळूच शकत नाही. त्यात लबाडीचा हेतू नसेलही, पण नुकसान तेच.

त्यामुळे हजसाठी पैसे देताना वेबसाईटवरचा क्रमांक प्रमाण मानू नका. अल्पसंख्याक कार्य मंत्रालयाच्या हज पोर्टलवर चालू वर्षाची यादी बघा. आपली कंपनी कोणत्या गटात आहे, हे तिला स्पष्ट विचारा. उमराहला असा भारताचा कोटा नसतो, म्हणून तिथे कंपनीची स्वतःची कागदपत्रेच तपासावी लागतात. जीएसटी क्रमांक १५ अक्षर-अंकांचा असतो, महाराष्ट्राचा २७ ने सुरू होतो. जीएसटीच्या पोर्टलवर तो टाकला की कायदेशीर नाव, पत्ता आणि नोंदणी चालू आहे की रद्द, हे फुकट दिसते. वेबसाईटवरचे नाव आणि हे नाव जुळत नसेल तर थांबा. पैसे कंपनीच्या खात्यातच भरा, कुणाच्या खासगी यूपीआयवर नको, आणि पावती घ्या. ओळखीचा माणूस आहे म्हणून पावती मागायला लाजू नये. उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याची शिकवण सूरह बकराच्या २८२ व्या आयतीत आहेच.

मोबाईलवर "नॉट सिक्युअर" असे दिसले तर? गुगल क्रोम जुलै २०१८ पासून असा इशारा देतो. त्याचा अर्थ एवढाच की तुमचा मोबाईल आणि ती वेबसाईट यांच्यातली देवाणघेवाण सुरक्षित केलेली नाही. तिथे पासपोर्टचा फोटो किंवा कार्डाचा नंबर टाकू नका, दुकानात जाऊन द्या. वेबसाईटच्या नावाचे नूतनीकरण राहून गेले तर तेच नाव दुसरा कोणीही विकत घेऊ शकतो, आणि जुन्या ग्राहकांना वाटते की आपलाच टूरवाला आहे.

आपल्या टूरवाल्या भावांनाही आमचे सांगणे आहे. वेबसाईट सांभाळता येत नसेल तर एकच पान ठेवा: नाव, दुकानाचा पत्ता, चालू नंबर, जीएसटी क्रमांक, या वर्षीचे दर आणि पैसे परत करण्याचा नियम. जुनी पॅकेजे काढून टाका. ऑनलाइन विक्री करणाऱ्यांना २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे नाव, पत्ता आणि तक्रार अधिकाऱ्याचा संपर्क द्यावाच लागतो, आणि तक्रारीची पोच ४८ तासांत द्यावी लागते.

फसगत झालीच तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे. ऑनलाइन पैसे गेले असतील तर उशीर न करता १९३० वर फोन करा. कंपनी मुंबईची असली तरी २०१९ च्या कायद्यामुळे तक्रार आपण राहतो त्या जळगाव किंवा धुळ्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात करता येते. दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही. मुदत २ वर्षांची आहे. वेबसाईटचा स्क्रीनशॉट तारखेसह आधीच काढून ठेवा, कारण तक्रार झाली की पहिल्यांदा तेच पान बदलले जाते.